कानांतील शीळ

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी सुटते तेव्हां पहाट होत आलेली असते. सांगली आणि मिरज या दोन जुन्या शहरांना लागून असलेलें हें गांव. १९९८ सालीं तिन्ही मिळून एक महानगरपालिका झाली आणि जोडनांवांत कुपवाडचें नांव तिसरें लागलें. यंत्रापाशीं पंचवीस-तीस वर्षें काढलेला एखादा कामगार फाटकाबाहेर येतो. रस्ता निर्मनुष्य असतो. आणि नेमकी त्या शांततेंतच त्याच्या कानांत शीळ सुरू होते. कोणाला ती रातकिड्यांसारखी वाटते, कोणाला दूर कोठें तरी अडकून राहिलेल्या कुकरच्या शिट्टीसारखी. ती दुसऱ्या कोणालाहि ऐकूं येत नाहीं. घरीं गेल्यावर बायको कांहीं विचारते, तो भलतेंच उत्तर देतो, आणि मुलें हंसतात. ‘बहिरा’ हा शब्द मराठी घरांतून रागानें जितक्या वेळां उच्चारला जातो, तितका सहानुभूतीनें क्वचितच.

हवें तें ऐकूं न येणें आणि नको तें ऐकूं येणें, हीं दोन दुखणीं वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतात. परंतु त्यांची जोडी फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत ‘बाधिर्य’ आहे, ‘कर्णनाद’ आहे आणि ‘कर्णक्ष्वेड’ हा तिसराहि आहे. कर्णनादांत रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांसारखे आवाज येतात, तर क्ष्वेडांत वेळूच्या नादासारखा बारीक स्वर वाजत राहतो. हा भेद कल्पनेनें केलेला नाहीं. रोग्याला जवळ बसवून, ‘नेमकें काय वाजतें तें सांग’ असें विचारल्याखेरीज तो हातीं येणारा नव्हे. क्ष्वेडाच्या कारणांत श्रमाचा उल्लेख आहे, आणि कर्णशूळ, नाद, बाधिर्य व क्ष्वेड या चौघांना उपचार मात्र एकच सांगितला आहे. म्हणजे बहिरेपण व शीळ हीं एकाच घरचीं भावंडें होत, हें वैद्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें. बेलाच्या तेलाची योजना त्याच अध्यायांतली. कानांत तेल सोडण्याची जी चाल आजहि घरोघर आहे तिचें मूळ इतकें दूरचें आहे; मात्र पडद्याला छिद्र असल्यास तिनें अपायच होतो, म्हणून आजचे डॉक्टर तिला मनाई करतात.

वैद्याच्या ग्रंथांत जो रोग, तो योग्याच्या ग्रंथांत सिद्धि ठरला, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. हठयोगप्रदीपिकेंत नादानुसंधान सांगतांना प्रथम समुद्र, मेघ व भेरी यांचे आवाज, मग शंख व घंटा, आणि शेवटीं बांसरी, वीणा व भ्रमर यांचे बारीक स्वर असा क्रम लावला आहे. वाद्यें जवळजवळ तींच! फरक एवढाच कीं, योग्यानें बोटांनीं कान बंद करून हा नाद शोधावयाचा असतो, आणि रोग्याला तो न शोधतां भेटतो. नाथपंथाच्या आणि ज्ञानेश्वरांच्या या मुलखांत अनाहताचें नांव आदरानें घेतलें जातें. त्यामुळें कानांतल्या शिळेला कोणी दैवी संकेत मानलें, तर कोणी वेडाची पहिली पायरी समजून ती लपविली. अमेरिकेंत हेलर व बर्गमन या दोघांनीं १९५३ सालीं एक साधा प्रयोग केला. ज्यांचे कान निर्दोष होते अशा ऐंशी माणसांना त्यांनीं ध्वनिबंद खोलींत बसविलें आणि काय ऐकूं येतें तें लिहावयास सांगितलें. शंभरांत चौऱ्याण्णव या प्रमाणांत लोकांनीं कांहीं ना कांहीं आवाज नोंदविला. बाहेरचा ध्वनि तोडला कीं आंतला प्रकट होतो, हें योग्यांनीं कान झांकून जाणलें होतें. बहिऱ्याचे कान तर कायमचेच झांकलेले.

कुपवाडहून कांहीं मैलांवर मिरज आहे, आणि मिरज हें तर कानाचेंच शहर. तेथील सतारी व तंबोरे देशभर जातात. २०२४ सालीं त्यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदहि मिळाली. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीच्या पाठीवर कानस फिरवितो, तारेखालचा दोरा केसभर सरकवितो आणि ऐकतो. मापपट्टी कोठेंच नसते, सारी भिस्त कानावर. किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां याच मिरजेस राहिले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहून १९१० सालीं तें प्रसिद्ध केलें. श्रुतींची कंपनसंख्या पडताळण्याच्या या खटाटोपांत खांसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढण्यांत आली, आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनींहि पुढें हा विषय उचलून धरला. त्यांच्या निष्कर्षांबद्दल संगीतज्ञांत वाद झाले, ते येथें नकोत. पण ऐकलेल्या सुराला आंकडा असतो, ही जाणीव या भागांत त्या वेळीं आली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण बहिरेपणाचें मापहि पुढें त्याच कंपनसंख्येच्या भाषेंत लिहिलें गेलें.

याच सुमारास दुसरा एक आवाज या मुलखांत येत होता. मिरजेच्या पश्चिमेस असलेल्या इचलकरंजींत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. पुढें गल्लोगल्लीं माग झाले, सांगलीजवळ माधवनगर आणि तिकडे विटें येथेंहि ते पसरले, आणि स्वातंत्र्यानंतर कुपवाडसारख्या गांवांच्या माळांवर कारखान्यांच्या वसाहती उठल्या. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेंकला जातो तेव्हां होणारा प्रहार मिनिटाला शंभराहून अधिक वेळां होतो. असे वीस-चाळीस माग एका पत्र्याच्या छपराखालीं चालूं लागले म्हणजे शेजारच्या माणसाशीं कानाला तोंड लावून बोलावें लागतें. ज्यांनीं हें दालन एकदां पाहिलें आहे त्यांना आंकडा सांगण्याची गरज नाहीं.

धंद्यानें कान जातात, हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील रामाझ्झिनी या वैद्यानें व्हेनिसच्या तांबटांविषयीं लिहून ठेविलें आहे: दिवसभर तांबें ठोकून हे लोक प्रथम जड कानांचे होतात आणि म्हातारपणीं ठार बहिरे. पुण्याच्या तांबट आळींतून गेलेल्या कोणालाहि हें पटेल. १८८६ सालीं ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरनें बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. त्यांत एकाचीहि श्रवणशक्ति धड निघाली नाहीं. शंभरांत एकहि नाहीं! एवढा पुरावा हातीं असूनहि कायद्याला जाग येण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं, कारण बहिरेपणानें माणूस मरत नाहीं आणि काम थांबत नाहीं. बहिरा कामगार उलट निमूटपणें काम करतो, असेंहि मालक म्हणत असतील.

आंत काय होतें तें पाहिलें पाहिजे. अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तिच्यांत सुमारें पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी रांगेनें उभ्या असतात. ध्वनीच्या लाटेनें त्यांचे केस लवतात आणि त्या मेंदूकडे वर्दी पाठवितात. नळीच्या तोंडाशीं उंच सुरांच्या पेशी, तर टोकाशीं खर्जाच्या. ही लाट कशी चालते हें शोधणारा गेओर्ग फॉन बेकेशी याला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पेशी मनुष्याच्या कानांत एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. यंत्रांच्या गोंगाटानें प्रथम खचतात त्या सेकंदास सुमारें चार हजार कंपनांच्या आसपासच्या, म्हणजे पियानोची अगदीं शेवटची पट्टी जेथें बोलते तेथल्या. त्यामुळें माणसाला पुष्कळ काळ पत्ताच लागत नाहीं. मिरजेचा तंबोरा त्याच्यापुढें छेडला तर त्याला खर्ज ऐकूं येतो, षड्ज ऐकूं येतो. जवारी मात्र नाहींशी झालेली असते, कारण जवारीचें सारें तेज वरच्या उपस्वरांत असतें.

बोलण्याचेंहि तसेंच आहे. स्वर खालच्या पट्टींत असतात, आणि स, श, त, क, फ अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टींत. कामगाराला ‘सात’ आणि ‘हात’, ‘ताट’ आणि ‘पाट’ यांतला भेद कळेनासा होतो. म्हणून ‘ऐकूं येतें, पण कळत नाहीं’ ही त्याची तक्रार अक्षरशः खरी असते. घरच्यांना मात्र ती लबाडी वाटते, कारण दारावरची थाप आणि मोटारीचा भोंगा त्याला बरोबर ऐकूं येतो! मग लोक ओरडून बोलूं लागतात. ओरडण्यानें स्वर मोठा होतो, व्यंजन होत नाहीं. शिवाय दुखावलेल्या कानाला हळू आवाज पोंचत नाहीं आणि मोठा सोसत नाहीं, अशी चमत्कारिक अवस्था असते. बहिरा मनुष्य ‘मोठ्यानें बोला’ म्हणतो, आणि मोठ्यानें बोलतांच ‘ओरडतां कशाला?’ म्हणून चिडतो. विनोदी नाटकांनीं या प्रसंगावर पुष्कळ टाळ्या मिळविल्या आहेत.

आतां कायद्याकडे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत, ज्या रोगांची वर्दी सरकारला द्यावी लागते अशा रोगांच्या यादींत, गोंगाटानें येणाऱ्या बहिरेपणाचा पुढें समावेश झाला. नियमांनीं आठ तासांना ९० डेसिबेल ही मर्यादा घातली. आवाज पांच डेसिबेलनें वाढला तर मुदत निम्मी. राज्य कामगार विमा योजनेंतहि हा व्यवसायजन्य रोग मानला आहे. हें सारें कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षांत कामगाराच्या कानांत फार तर कापसाचा बोळा असतो, आणि कापसानें आवाज जवळजवळ अडतच नाहीं. चांगली बुचें दिलीं तरी तीं खिशांत राहतात, कारण यंत्र बिघडलें कीं त्याचा आवाज बदलतो आणि तो बदल कानानेंच ओळखावयाचा असतो. कारागिराचा कान हेंच त्याचें हत्यार. तें झांकून ठेव म्हणणें सोपें, पाळणें कठीण. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानें दोन्ही कानांनीं बोलण्याच्या पट्टींत साठ ते सत्तर डेसिबेलचें नुकसान असेल त्याला कमी ऐकणारा, आणि सत्तर झालें म्हणजे बहिरा मानलें. ज्याची फक्त वरची पट्टी गेली तो या मापाच्या अलीकडेच राहतो. शिळेला तर मापच नाहीं.

जन्मतः बहिऱ्या मुलांकडे समाजाचें लक्ष त्या मानानें लवकर गेलें. मुंबईंत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली. ती हिंदुस्थानांतली पहिली. १९८३ सालीं मुंबईसच अली यावर जंग यांच्या नांवानें श्रवणदोषासंबंधीं राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पण चाळिशी-पन्नाशींत ज्याचा कान जातो तो ना या शाळेचा, ना त्या. त्याला बोलतां येतें, म्हणून तो धडधाकट. ऐकूं येत नाहीं, म्हणून तो गप्प.

त्याच्या मदतीला जें यंत्र आलें त्याचा इतिहास राजवाड्यांत सुरू होतो. पेशवाई बुडाली त्याच्या दुसऱ्या वर्षीं, १८१९ सालीं, लंडनच्या एफ. सी. राइन याच्याकडे पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठीं एक सिंहासन बनविण्यांत आलें. गोव्यावर राज्य होतें तें याचेंच, आणि दरबार त्या वेळीं ब्राझिलांत भरत असे. सिंहासनाच्या हातांच्या टोकांना सिंहाचीं उघडीं तोंडें होतीं. दरबाऱ्यानें गुडघे टेंकून त्या तोंडांत बोलावयाचें, आणि आवाज पोकळ हातांतून नळीवाटे राजाच्या कानापर्यंत जावयाचा. बहिरेपण लपविण्यासाठीं केवढा हा थाट! सामान्यांसाठीं कर्ण्यासारखें साधें शिंग होतें.

पुढें १८७६ सालीं ग्रॅहम बेलनें टेलिफोन काढला. बेलची आई आणि बायको दोघीहि बहिऱ्या होत्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याच तत्त्वावर १९०० च्या आसपास मिलर रीस हचिसन यानें विजेचें श्रवणयंत्र बनविलें. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा तें वापरी. त्यांतल्या कोळशाच्या कणांचा स्वतःचाच खरखराट फार असे. मग निर्वात नळ्यांचीं यंत्रें आलीं. त्यांच्या बॅटऱ्यांचें ओझें माणसानें अंगावर वाहावयाचें. १९४७ सालीं बेलच्याच नांवाच्या प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि १९५२ च्या अखेरीस तो बाजारांत आला तो रेडिओंतून नव्हे, श्रवणयंत्रांतून. बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रांपुरतें या शोधाचें स्वामित्वशुल्क माफ करण्यांत आलें होतें. खिशांत डबी आणि कानापर्यंत वायर, असें तें यंत्र महाराष्ट्रांत घरोघरच्या आजोबांच्या सदऱ्यावर पुढें कित्येक वर्षें दिसलें. १९८१ पासून केंद्र सरकारच्या योजनेंतून गरजूंना तीं वाटलींहि गेलीं. सदऱ्याच्या कापडाची घसट, भांड्यांचा खणखणाट, सुनेचा आवाज, सारें तें एकाच मापानें मोठें करी. पुष्कळशीं यंत्रें अखेर कपाटांत गेलीं, यांत नवल नाहीं. १९९६ च्या सुमारास संगणकी पद्धतीचीं यंत्रें आलीं तेव्हां आवाजाचे पट्टे पाडून फक्त गेलेला पट्टा उचलणें आणि मोठा आवाज आपोआप आवरणें अधिक चांगलें साधूं लागलें.

आतां शिळेचें काय? तिची गांठ या यंत्राशीं पडली ती मेंदूच्या वाटेनें. केशपेशी मेल्या कीं त्या पट्टीची वर्दी थांबते. मेंदूला ती रिकामी जागा सहन होत नसावी. दूरच्या केंद्राचा आवाज क्षीण झाला कीं माणूस रेडिओची कळ पिळीत जातो आणि हातीं खरखर येते, तसें कांहीं तरी होतें, असें आजचे पुष्कळ संशोधक मानतात. शीळ बहुधा ज्या पट्टींत कान गेला त्याच पट्टींत वाजते, ही गोष्ट या मताला पुष्टि देते. यावरून उपायहि सुचतो: बाहेरचा आवाज परत आणा. ही युक्ति जुनीच आहे. ॲरिस्टॉटलच्या नांवावर मोडणाऱ्या प्रश्नसंग्रहांत, बाहेर आवाज केला कीं कानांतला गुणगुणाट कां थांबतो, असा प्रश्न आहे. पॅरिसच्या इतार या वैद्यानें १८२१ सालीं आपल्या रोग्यांना चुलींत ओलीं लांकडें जाळून त्यांची चुरचुर ऐकत निजावयास सांगितलें. अमेरिकेंत जॅक व्हर्नन याचा एक रोगी १९७० नंतरच्या दशकांत पोर्टलंडच्या एका कारंज्यापाशीं उभा राहिला असतां पाण्याच्या आवाजांत त्याची शीळ लोपली, आणि त्यावरून कानांत मंद सळसळ सोडणारें यंत्र निघालें.

श्रवणयंत्र लावल्यावर पुष्कळांची शीळ मागें सरते. सर्वांची सरत नाहीं, आणि कायमची फारच थोड्यांची. ती सर्वस्वी घालविणारें औषध अद्याप कोणापाशींहि नाहीं. जाहिराती कांहींहि म्हणोत. आणि यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा नाकावर ठेवला कीं अक्षर दिसतें. यंत्र लावल्यावर मेंदूला आठवड्यामागून आठवडे पुन्हां शिकावें लागतें. पहिल्या दिवशीं वर्तमानपत्राचें पान उलटलें तरी कानांत पत्रा फाटल्यासारखें वाटतें. नळाची धार, पंख्याची घरघर, स्वतःच्या चपलांचा आवाज, ज्यांच्याशीं वर्षानुवर्षें फारकत झाली होती ते सारे एकदम घरांत शिरतात. घामानें आणि पावसाळी दमटपणानें यंत्र बंद पडतें, म्हणून रात्रीं तें ओल शोषणाऱ्या डबींत ठेवावें लागतें. कानांत नीट बसलें नाहीं तर यंत्र स्वतःच शीळ घालूं लागतें. गंमत अशी कीं ही शीळ सगळ्या घराला ऐकूं येते, पण ज्याच्या कानांत यंत्र आहे त्याला बहुधा नाहीं. त्याची ती पट्टीच गेलेली असते. गणेशोत्सवांत ‘डॉल्बी’ या नांवाची ध्वनिवर्धकांची भिंत दारावरून जाऊं लागली कीं तो यंत्र काढून हातांत धरतो. वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल, असा नियम २००० सालापासून आहे.

चष्म्याला विद्वत्तेचें लक्षण मानणारें घर कानाच्या यंत्राला म्हातारपणाची दवंडी समजतें. लग्नकार्यांत तें काढून खिशांत टाकलें जातें, म्हणजे जेथें माणसें बोलतात नेमकें तेथेंच. कुपवाडच्या त्या कामगारानेंहि प्रथम तसेंच केलें तर त्याला दोष देतां येत नाहीं. पण ज्या घरांतल्या माणसांनीं समोर बसून, तोंडावर उजेड ठेवून, न ओरडतां सावकाश बोलण्याची संवय लावून घेतली, त्या घरांत यंत्र कपाटांत जात नाहीं, असा अनुभव श्रवणतज्ज्ञ सांगतात.

रात्रीं मात्र तें काढावेंच लागतें. डबीचें झांकण लागलें कीं घर पुन्हां दूर जातें आणि शीळ परत येते. म्हणून अशा घरांत पौषाच्या थंडींतहि छताचा पंखा मंद चालू असतो, आणि त्याबद्दल आतां कोणी कांहीं विचारीत नाहीं.